व्होल्टेज वाढवण्याआधी

नागपुरातल्या एका मित्राचं मशीन मे महिन्यात रोज दुपारी बंद पडायचं. सकाळी ठणठणीत, रात्रीही काही तक्रार नाही. दुपारी व्हिडिओ रेंडरला लावला की निळा स्क्रीन. जानेवारीत त्यानं प्रोसेसर 5.0 वरून 5.2 गिगाहर्ट्झवर नेला होता आणि चार महिने कुरकूर नव्हती. म्हणून त्यानं व्होल्टेज थोडं चढवलं. दोन दिवस बरं चाललं, मग पूर्वीपेक्षा जास्त वेळा बंद पडू लागलं. दोष खोलीचा होता. जानेवारीत वीस अंशांवर असलेली खोली मेमध्ये चाळिशीत गेली होती. कूलर, मग तो हवेचा असो की पाण्याचा, चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर जाते. त्यात वाढीव व्होल्टेजनं आणखी उष्णता ओतली.

अशा वेळी ‘ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग चढवण्याच्या, नादाला लागू नका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मला पटत नाही. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की 300चा हा स्वस्त प्रोसेसर 450वर धावायचा. दीडपट वेग, तोही पदरचे पैसे न घालता. ज्यांच्याकडे महागडं मशीन घेण्याची ऐपत नव्हती, त्यांना या खटाटोपानं बरंच काही दिलं, आणि संगणक आतून कसा चालतो हेही शिकवलं. ही आवड खोटी नाही.

पण आता हिशोब बदलला आहे. आजच्या चिपा कारखान्यातूनच आपल्या कमाल वेगाच्या काठावर बसवलेल्या असतात. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 5.0 वरून 5.2 वर जाण्यासाठी व्होल्टेज 1.20 वरून 1.30 करावं लागलं, तर वेग चार टक्के वाढतो आणि खप सुमारे बावीस टक्के. शिवाय जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता, दोन्हींनी चिप लवकर थकते. म्हणजे व्होल्टेज वाढवून मिळालेलं स्थैर्य हे चिपच्या आयुष्यातून काढलेलं कर्ज आहे.

म्हणून मशीन डळमळलं की आधी माघार घ्यावी. बायॉस मूळ सेटिंगवर आणा. मेमरीचा वेग वाढवणारं एक्सएमपीही बंद करा. ते स्वतःच एक ओव्हरक्लॉक आहे आणि पुष्कळदा खरा गुन्हेगार तेच निघतं. मेमरी तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. मग एकेक गोष्टच बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काहीच कळत नाही. ताणचाचणीसाठी प्राइम95 मला भरवशाचं वाटतं, कारण ते नुसता ताण देत नाही, आलेलं उत्तर बरोबर आहे का हेही तपासतं. निळा स्क्रीन निदान दिसतो तरी. चुकीची बेरीज करून गप्प बसणारं मशीन जास्त धोकादायक. ते तुमच्या फायली हळूहळू बिघडवतं, आणि बॅकअपही बिघडलेल्या फायलींचाच होतो.

मात्र सगळा दोष हौशी माणसाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी हे दाखवून दिलं. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिले. डेटा उलगडताना चुकत होता तो प्रोसेसर. अनेक मदरबोर्डांच्या मूळ सेटिंगमध्येच इंटेलची 253 वॉटची मर्यादा मोकळी सोडलेली होती. ग्राहकानं कशाला हात न लावताही त्याचं मशीन ताणलेलं होतं. त्यावर 2024मध्ये इंटेलनंच मान्य केलं की मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरचा अंतर्गत प्रोग्रॅम, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं चिपा कायमच्या खराब होत होत्या. ऑगस्टमधल्या 0x129 या दुरुस्तीनं ही मागणी 1.55 व्होल्टपर्यंत रोखली. ‘मूळ सेटिंग’ या शब्दांवर ग्राहकाचा भरवसा असतो. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी चाचण्यांत दोन गुण जास्त मिळवण्यासाठी तो मोडू नये. वेग चढवायचा की नाही, हे विकत घेणाऱ्यानं ठरवायचं असतं.

मित्रानं गती पुन्हा 5.0 वर आणली, व्होल्टेज स्वयंचलित ठेवलं. त्याचं रेंडरिंग काही मिनिटं उशिरा संपतं, पण संपतं. तुमच्याकडे 13व्या किंवा 14व्या पिढीचा इंटेलचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर ही दुरुस्ती मिळण्यासाठी आधी बायॉस अद्ययावत करा. त्यानं या दोषामुळे होणारी पुढची झीज रोखली जाते, झालेली भरून येत नाही. मूळ सेटिंगवरही मशीन कोसळत असेल, तर व्होल्टेजशी झुंजत बसू नका, चिप बदलून मागा. या प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलनं दोन वर्षांनी वाढवली आहे. खोक्यातून घेतलेल्या चिपांना ती एकूण पाच वर्षं मिळते.