विजेच्या मोटारीत इंधनाची शेगडी : विसंगती की व्यवहार?

विजेवर चालणारी मोटार विकत घ्यायची, पेट्रोल पंपाचा रस्ता कायमचा सोडायचा आणि मग थंडीच्या दिवसांत त्याच मोटारीत डिझेलवर जळणारा हीटर बसवून घ्यायचा, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. उत्तर युरोप, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मात्र हा प्रश्न गेली सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या रूपांत पुढे येत आहे. विजेच्या बसगाड्या हिमालयातील रस्त्यांवर पोहोचू लागल्यापासून तो भारतालाही फार दूरचा राहिलेला नाही. वरवर विसंगत दिसणाऱ्या या उपायामागे एक सरळ हिशेब आहे आणि तो हिशेब प्रत्येक प्रदेशात वेगळे उत्तर देतो.

फुकट मिळणारी उष्णता

पेट्रोल वा डिझेलच्या इंजिनात इंधनातील ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेतला थोडा भाग आत वळवला की प्रवाशांना ऊब मिळते. त्यासाठी वेगळे काही मोजावे लागत नाही.

विद्युत मोटारीची गुणवत्ता अशी की ती घेतलेल्या विजेपैकी बहुतेक सर्व वीज गतीत रूपांतरित करते. मात्र त्यामुळेच तिच्याजवळ वाया जाणारी उष्णता फारच थोडी असते. आतील हवा तापवायची तर बॅटरीतूनच वीज घ्यावी लागते. जितके यंत्र कार्यक्षम, तितकी त्याची ऊब कमी, हा अनुभव विजेच्या गाड्यांपुरता मर्यादित नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पुरेशी ऊब मिळत नसे, म्हणून थंड देशांत तिला पेट्रोलवर जळणारा स्वतंत्र हीटर बसवण्याची सोय होती. युरोपातील अनेक आधुनिक डिझेल मोटारींनाही पूरक हीटर जोडलेला असतो. म्हणजे इंधनाचा हीटर ही विजेच्या मोटारीसाठी शोधून काढलेली युक्ती नसून मोटार उद्योगातील जुनी, रुळलेली वस्तू आहे.

तासाचा हिशेब आणि किलोमीटरचा हिशेब

थंडीत विजेच्या मोटारीचा पल्ला किती घटतो, याची एक मोजणी अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ साली प्रसिद्ध केली. पाच मोटारींच्या या चाचणीत उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला, हीटर बंद असताना, पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. हीटर सुरू ठेवल्यावर हीच घट ४१ टक्क्यांवर गेली. याचा अर्थ थंडीने बॅटरीवर होणाऱ्या परिणामापेक्षा प्रवाशांना ऊब देण्याचा खर्च कितीतरी मोठा होता.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. मोटार चालवण्यासाठी लागणारी वीज किलोमीटरवर अवलंबून असते, तर ऊब देण्यासाठी लागणारी वीज तासांवर. कडाक्याच्या थंडीत साध्या विद्युत हीटरला तासाला तीन युनिट वीज लागते आणि गाडीला किलोमीटरमागे ०.१५ युनिट, असे धरू. महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला तासाभरात चालण्यासाठी १२ युनिट आणि उबेसाठी ३ युनिट लागतील. तीच गाडी शहरातील गर्दीत ताशी २० किलोमीटरने सरकत असेल, तर चालण्यासाठी ३ युनिट आणि उबेसाठीही ३ युनिट लागतील. प्रवासाचा खर्च दुप्पट आणि पल्ला निम्मा.

निसान लीफ ही मोटार २०१० साली बाजारात आली, तेव्हा तिच्या बॅटरीची क्षमता २४ युनिट होती. वापराने बॅटरी जीर्ण होते आणि ही क्षमता आणखी घटते. अशा जुन्या मोटारी आज कमी किमतीत मिळतात आणि त्या घेणारा ग्राहक साहजिकच बेताच्या उत्पन्नाचा असतो. कामावर जाऊन परत येण्याइतका पल्ला राहावा म्हणून तो हीटर बंद ठेवून, अंगावर कोट आणि हातांत मोजे घालून गाडी चालवतो. त्यातील त्रास एकवेळ सोसता येईल. परंतु हीटर बंद असला की समोरच्या काचेवर आतून बाष्प साचते आणि रस्ता दिसेनासा होतो. तेथे गैरसोयीचा प्रश्न संपून सुरक्षिततेचा प्रश्न सुरू होतो.

कारखान्यांनीच दिलेला हीटर

विजेच्या मोटारीत इंधनाचा हीटर बसवण्याची कल्पना हौशी दुरुस्तीकारांची आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालेल्या प्यूजो १०६ आणि सिट्रोएन सॅक्सो या मोटारींच्या विद्युत आवृत्त्यांत पेट्रोलवर चालणारा हीटर होता. अमेरिकेत १९९७ साली आलेल्या शेव्हरोलेच्या एस-१० या विद्युत पिकअपला डिझेलच्या हीटरची जोड होती. व्होल्वोने २०११ साली मर्यादित संख्येने काढलेल्या सी-३० या विद्युत मोटारीत जैव-इथेनॉलवर जळणारा हीटर दिला होता.

कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याला वाट करून दिली होती. इंधनाचा हीटर असला तरी मोटार ‘शून्य उत्सर्जन’ वर्गात बसू शकेल, मात्र बाहेरचे तापमान ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४.४ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असताना तो हीटर सुरू होता कामा नये आणि त्यातून इंधनाची वाफ बाहेर पडता कामा नये, अशा अटी त्या नियमांत होत्या. ऊब ही गरज आहे, पण तिच्या आडून इंधनाचा वापर वाढू नये, असा तो तोल होता.

धूर किती आणि कोठे

या उपायावरचा मुख्य आक्षेप तत्त्वाचा आहे. धूर टाळण्यासाठी घेतलेल्या गाडीतून पुन्हा धूर का काढायचा? याचे उत्तर वीज कोठून येते, यावर ठरते.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगला हीटर त्यातील पाचापैकी चार भाग उष्णता आत पोहोचवतो. तीन युनिट उबेसाठी त्याला तासाला ०.४ लिटरच्या आतबाहेर डिझेल लागते आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण येथील वीज प्रामुख्याने कोळशावर तयार होते. म्हणजे तीच तीन युनिट ऊब विजेच्या साध्या हीटरने मिळवली, तर दोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. कोळसा जाळून वीज आणि विजेपासून पुन्हा उष्णता, या द्राविडी प्राणायामापेक्षा इंधन थेट जाळणे या एका बाबतीत सरस ठरते.

नॉर्वेत हेच गणित उलटते. तेथील वीज जवळजवळ संपूर्णपणे जलविद्युत आणि पवनऊर्जेतून येते, त्यामुळे तेथे डिझेलच्या हीटरचा प्रत्येक थेंब हा निव्वळ वाढीव प्रदूषण आहे. २०२४ साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी पूर्णतः विजेच्या होत्या. कडाक्याची थंडी असलेल्या देशाने हा टप्पा गाठावा, हे पुरेसे बोलके आहे.

हिशेब केवळ कार्बनचाही नाही. विजेच्या केंद्राचे धुराडे गावाबाहेर असते, हीटरचा धूर मात्र वस्तीत, पादचाऱ्यांच्या नाकापाशी सुटतो. एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ निकषांमुळे डिझेल मोटारींना धूर गाळणारी यंत्रणा बसवावी लागली. छोट्या हीटरच्या नळीवर अशी गाळणी सहसा नसते.

बसवण्यातील जोखीम

असा हीटर दिसायला साधा असतो. छोटी टाकी, थेंब मोजून इंधन सोडणारा पंप, प्रज्वलनासाठी तापणारी कांडी, ज्वलनकोठी, बाहेरची हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन नळ्या, एवढाच त्याचा संसार. एका प्रकारात हवा थेट तापते. दुसऱ्या प्रकारात मोटारीच्या हीटरमधून फिरणारे पाणी तापवले जाते. गेल्या काही वर्षांत स्वस्त हीटर बाजारात आल्याने घरच्या घरी ते बसवण्याचा मोह वाढला आहे.

परंतु विद्युत मोटारीची जमीन म्हणजे तिची बॅटरी. ज्या जागेतून धुराची तप्त नळी न्यायची, त्याच जागेत उच्च दाबाच्या विजेच्या केबल आणि बॅटरीची पेटी असते. धुराच्या नळीचा सांधा सैल राहिला किंवा तिचे तोंड बर्फाने बुजले, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही आणि गंधही नाही. बंद खोलीतील शेगडी वा बुखारीने झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या काश्मीरमधून दर हिवाळ्यात येतात. मोटारीची बंद केबिन त्या खोलीहून कितीतरी लहान असते. हीटर बंद केल्यानंतरही तो निवण्यासाठी त्याचा पंखा काही मिनिटे फिरावा लागतो. वीज मध्येच तोडली तर ज्वलनकोठी अतितप्त होते.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील १२२ क्रमांकाच्या नियमावलीत वाहनांतील ज्वलन-हीटरसाठी स्वतंत्र निकष आहेत. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करण्यास सर्वसाधारणपणे मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कठोर भूमिका घेतली. अशा बदलानंतर अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, हेही ओघानेच आले.

हीट पंपाने बदललेले चित्र

दरम्यान तंत्रज्ञान पुढे सरकले. हीट पंप हे उलट दिशेने चालणारे वातानुकूलन यंत्र. ते बाहेरच्या थंड हवेतील उष्णता ओढून आत सोडते आणि सौम्य थंडीत एका युनिट विजेच्या मोबदल्यात दोन ते तीन युनिट ऊब देते. निसानने २०१३ पासून लीफच्या काही आवृत्त्यांत, तर टेस्लाने २०२० साली मॉडेल वाय या मोटारीत हीट पंप दिला. शिवाय बॅटरीची क्षमताही आता पूर्वीच्या दुपटी-तिपटीवर गेली आहे. निघण्यापूर्वी, चार्जिंग सुरू असतानाच गाडी तापवून ठेवणे आणि हवेऐवजी आसन तापवणे, या साध्या उपायांनीही बराच पल्ला वाचतो. खासगी मोटारीपुरता इंधनाच्या हीटरचा काळ त्यामुळे बहुतांशी मागे पडला आहे.

बसगाड्यांचे तसे नाही. बसचे दार दर थांब्यावर उघडते आणि साठवलेली ऊब बाहेर जाते. कडक थंडीत मोठ्या बसला वीस-पंचवीस किलोवॅट क्षमतेचा हीटर लागू शकतो. उणे १५ अंशांखाली हीट पंपाची ताकदही ओसरते. त्यामुळे युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनेक विद्युत बसगाड्यांत डिझेलचा हीटर आजही आढळतो.

हिमालयातील कसोटी

मनाली ते रोहतांग मार्गावर २०१७ साली विजेच्या बस धावू लागल्या. श्रीनगरमध्ये २०२३ पासून त्या शहर वाहतुकीत आहेत. सुट्यांमध्ये मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी अनेकांनी त्या पाहिल्याही असतील. पुढचा टप्पा लडाखचा आहे. द्रासमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली उतरतो. नद्या गोठल्या की जलविद्युत घटते. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह वीजवाहिनी सुरू झाली असली, तरी जेथे जाळे पोहोचलेले नाही तेथे डिझेल जनित्राचाच आधार असतो. अशा जनित्रातून लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज मिळते, तर तेच लिटर हीटरमध्ये जाळले तर आठ युनिट ऊब मिळते. जनित्राच्या विजेने बॅटरी भरून त्या विजेने बस तापवणे हा ‘हरित’ वाहतुकीचा देखावा ठरेल. अर्थात हीटरसाठीही साधे डिझेल तेथे चालणार नाही, ते थिजते. त्यासाठी लडाखमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल उपलब्ध झाले आहे.

यातून निघणारा निष्कर्ष टोकाचा नाही. स्वच्छ वीज आणि चांगला हीट पंप जेथे आहे, तेथे इंधनाच्या हीटरला स्थान उरलेले नाही. खासगी मालकाने तो स्वतःच्या हाताने बसवणे कोठेही धोक्याचे. परंतु दुर्गम, अतिथंड भागातील सार्वजनिक वाहतुकीत, कारखान्यातूनच तपासून बसवलेला आणि ठरावीक तापमानाखालीच पेटणारा हीटर काही वर्षे तरी मान्य करावा लागेल. तो मान्य करताना त्याच्या इंधनाचा आणि धुराचा हिशेब बसच्या उत्सर्जनात उघडपणे मांडला पाहिजे. गाडीच्या पाठीवर ‘शून्य उत्सर्जन’ लिहिलेले असताना तिच्या पोटात काय जळते आहे, हे प्रवाशाला कळणे हा त्याचा हक्क आहे. आणि उणे २० अंशांत त्या प्रवाशाला ऊब मिळणे, हाही.