मेरिट लिस्ट लावून टीम होत नाही!

२८ ऑक्टोबर २०२३, पॅरिस. रग्बी वर्ल्ड कपची फायनल, दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. पहिली पाच मिनिटंही झालेली नाहीत आणि आफ्रिकेचा हूकर बोंगी म्बोनाम्बी गुडघ्याच्या दुखापतीने मैदानाबाहेर. त्याच्या जागी येतो डीऑन फुरी. वय ३७. हा गडी पूर्वी हूकर म्हणून खेळायचा, पण मग कित्येक वर्षं फ्लँकर म्हणूनच खेळला. आता उरलेली जवळपास पूर्ण फायनल त्याने त्याच जुन्या जागेवर काढायची.

वर्ल्ड कपच्या फायनलला टीमकडे दुसरा पक्का हूकर नाही? नव्हता. कारण दुसरा हूकर मॅल्कम मार्क्स, जगातल्या सर्वोत्तम हूकर्सपैकी एक, स्पर्धेच्या सुरुवातीलाच जखमी होऊन घरी गेला होता. त्याच्या बदली कोचेसनी बोलावला हान्द्रे पोलार्ड. म्हणजे दहा नंबरवर खेळणारा किकर. क्रिकेटमध्ये सांगायचं तर विकेटकीपर जखमी झाला आणि तुम्ही बदली म्हणून ओपनर मागवला. हे काय लॉजिक, राव?

माझं म्हणणं असं की हेच खरं लॉजिक आहे. आणि ते आपल्याला पटकन पटत नाही, कारण आपण दहावीपासून मेरिट लिस्ट वाचत मोठे झालोय.

थोडं बॅकग्राउंड आधी. आपल्याकडे रग्बी म्हटलं की राहुल बोस आठवतो (तो स्वतः भारताकडून खेळलाय आणि आता रग्बी इंडियाचा अध्यक्ष आहे), किंवा फार तर २०२५च्या जूनमध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग. पण ती सात जणांची रग्बी. वर्ल्ड कपची रग्बी युनियन पंधरा जणांची. मैदानावर १५, बेंचवर ८ आणि २०२३च्या वर्ल्ड कपसाठी एकूण स्क्वॉड ३३ जणांचा. तेहतीस म्हणजे भरपूर वाटतात ना? पण या खेळात प्रत्येक जागेसाठी लागणारं शरीर आणि कौशल्य एकदम वेगळं. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ जण एकमेकांना भिडतात, तेव्हा हूकर पहिल्या रांगेत मधोमध असतो. दोन्ही हात दोन प्रॉप्सच्या खांद्यांवर आणि मानेवर भयंकर दाब. तिथे कोणालाही उभं करता येत नाही. नियमानुसारही पुढच्या रांगेत त्या कामाचं ट्रेनिंग असलेलाच खेळाडू लागतो. तसा कोणी उरला नाही तर स्क्रममध्ये ढकलाढकलीच बंद करावी लागते. शिवाय बॉल बाहेर गेल्यावर लाइनआउटमध्ये तो नेमका फेकायचं कामही हूकरचंच. त्यामुळे स्क्वॉडमध्ये तीन हूकर नेणं हा सरळ हिशेब.

आफ्रिकेने दोनच नेले. आणि स्क्रम-हाफ, म्हणजे नऊ नंबरवर खेळणारे, चक्क चार! ऑगस्टमध्ये स्क्वॉड जाहीर झाला तेव्हा अनेकांना हे गणित कळेना. त्यातच कर्णधार सिया कोलिसीच्या गुडघ्याचं एप्रिलमध्ये ऑपरेशन झालेलं, स्क्वॉड जाहीर होईपर्यंत तो एकही मॅच खेळला नव्हता, तरी त्याचं नाव यादीत. पोटरीच्या दुखापतीमुळे पोलार्ड मात्र बाहेर. २०१९चा वर्ल्ड कप जिंकून देणारा पोलार्ड! एका जखमीला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा? कॉलेजच्या गॅदरिंगच्या टीममध्ये असं झालं असतं तर आपण प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर जाऊन बसलो असतो.

पण हेड कोच जॅक नीनाबर आणि त्यांच्यासोबत सगळी सूत्रं हलवणारे रासी इरॅस्मस ‘सगळ्यात चांगले ३३ खेळाडू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर शोधतच नव्हते. कुठली जागा रिकामी राहिली तर आपण निभावून नेऊ आणि कुठली राहिली तर संपलो, हा त्यांचा प्रश्न होता. कर्णधार कोलिसीला पर्याय नाही, म्हणून वाट बघू. चार स्क्रम-हाफपैकी ग्रँट विल्यम्स विंगवरही खेळतो, म्हणजे एका तिकिटात दोन माणसं. हूकर कमी पडले तर फुरी आणि मार्को व्हॅन स्टाडेन हे दोन फ्लँकर त्या कामासाठी तयार करू. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. फुरीला फायनलच्या दिवशी घाईघाईत जर्सी चढवून उभं केलेलं नव्हतं, ग्रुपच्या मॅचेसमध्ये त्याला त्या जागेवर खेळवून पाहिलं होतं.

मार्क्स गेला तेव्हा टीमची दुखरी नस हूकर नव्हतीच, किकिंग होती. मॅनी लिबॉक पासिंगमध्ये जादूगार, पण पोस्टवर मारलेल्या किक्स चुकत होत्या. आयर्लंडविरुद्ध आफ्रिका १३-८ने हरली, त्यात लिबॉक आणि फाफ डी क्लर्क यांनी मिळून किक्सवरचे ११ पॉइंट घालवले. पोलार्ड तोवर येऊन दाखल झाला होता, पण त्या मॅचच्या २३ जणांत नव्हता. पुढे काय झालं बघा. क्वार्टर फायनल फ्रान्सविरुद्ध २९-२८. सेमी फायनल इंग्लंडविरुद्ध १६-१५, शेवटच्या काही मिनिटांत पोलार्डची लांबून मारलेली पेनल्टी. फायनल १२-११, आफ्रिकेचे सगळे १२ पॉइंट पोलार्डचे. तीन नॉकआउट मॅचेस आणि तिन्हींत फरक फक्त एका पॉइंटचा.

इथे कोणीही हुशार वाचक मला थांबवेल. जिंकले म्हणून गोडवे गाताय. फायनलच्या शेवटच्या टप्प्यात न्यूझीलंडच्या जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी थोडक्यात हुकली. ती गेली असती तर हाच लेख ‘दुसरा हूकर न नेण्याचा माज’ अशा हेडिंगने आला असता. मान्य. फायनलमध्ये आफ्रिकेचे लाइनआउट अनेकदा विस्कटले, हेही खरं. म्हणून निकाल बाजूला ठेवूया आणि त्याच स्पर्धेतली दुसरी टीम घेऊया.

ऑस्ट्रेलिया. कोच एडी जोन्स. त्यांनी माजी कर्णधार मायकेल हूपर आणि अनुभवी फ्लाय-हाफ क्वेड कूपर, दोघांनाही वगळलं. दहा नंबरचा मुख्य भरवसा कार्टर गॉर्डनवर. तेव्हा वय २२, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. (मला ऑफिसमध्ये अजून हेडिंग द्यायला देत नाहीत, त्याला वर्ल्ड कप दिला होता.) तरुणांना संधी, भविष्याची टीम, जुन्यांना नारळ. ऐकायला हे आपल्या वयाच्या कोणालाही भारीच वाटतं. पण मैदानावर फिजीने त्यांना २२-१५ने हरवलं, तेही १९५४नंतर पहिल्यांदाच. मग वेल्सने ४०-६ असा चेंदामेंदा केला आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात प्रथमच ग्रुपमधूनच बाहेर पडली. वेल्सविरुद्ध गॉर्डन सुरुवातीच्या पंधरांत नव्हता.

जुगार दोघांनीही खेळला. इरॅस्मस-नीनाबरनी आपण कुठे फट ठेवतोय हे ओळखून तिथे दोन माणसं तयार केली, आणि दुखणं बदललं तसा प्लॅनही बदलला. जोन्सनी सगळा भार एका पोराच्या खांद्यावर टाकला आणि तो डगमगला तेव्हा त्याला आधार द्यायला अनुभवी माणूस टीममध्ये ठेवलाच नव्हता. नंतर जोन्स काय म्हणाले? वगळलेले सीनियर टीमसाठी योग्य आदर्श वाटले नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी. ज्यांना तुम्ही नेलंच नाही, त्यांच्यावर पराभवानंतर बोट दाखवायचं? मला यात तरुणांवरचा विश्वास कुठे दिसत नाही.

आपल्याला हा सीन अनोळखी नाही. २०१९च्या क्रिकेट वर्ल्ड कपला अंबाती रायुडूऐवजी विजय शंकरला घेतलं, कारण तो ‘थ्री डायमेन्शनल’. यावर रायुडूने थ्रीडी चष्मा मागवल्याचं ट्वीट केलं आणि आपण सगळे हसलो. माझ्या मते शंकरला घेण्यात गैर काहीच नव्हतं. बॅटिंग, बॉलिंग, फील्डिंग येणारा खेळाडू टीमला हवा असू शकतो. चूक पुढे झाली. शंकर जखमी झाल्यावर राखीव यादीतल्या रायुडूला सोडून तोवर एकही वनडे न खेळलेला ओपनर मयंक अगरवाल इंग्लंडला पाठवला. चार नंबरचं कोडं तसंच राहिलं. मग राखीव यादी केली होती कशाला?

‘मेरिट’ हा शब्द मला ज्या कारणाने सगळ्यात जास्त खटकतो, ते कारणही दक्षिण आफ्रिकेतच सापडतं. वर्णद्वेषी राजवटीमुळे १९८७ आणि १९९१चे वर्ल्ड कप त्यांना खेळता आले नाहीत. १९९५ला घरच्या मैदानावर ते जिंकले, तेव्हा टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू एकच, चेस्टर विल्यम्स. तोही दुखापतीमुळे आधी बाहेर होता. कॅनडाविरुद्धच्या मारामारीमुळे पीटर हेंड्रिक्सवर बंदी आली म्हणून त्याला परत बोलावलं. परत आला आणि क्वार्टर फायनलला वेस्टर्न सामोआविरुद्ध चार ट्राय मारल्या! बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या देशात गुणवत्ता नेमकी एकाच माणसात होती, असं कोणी म्हणेल का?

पुढे टीममध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढवायची उद्दिष्टं ठरवली गेली आणि तोच वाद पेटला, जो आपल्या कॅन्टीनमध्ये दर ॲडमिशनच्या सीझनला पेटतो. क्वालिटी घसरणार, लायक पोरं मागे पडणार वगैरे. २०१८ला इरॅस्मसने झ्वीडे टाउनशिपमधल्या कोलिसीला कर्णधार केलं, दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार. २०१९च्या फायनलमध्ये इंग्लंडला ३२-१२ने धुतलं. दोन्ही ट्राय माकाझोले मापिंपी आणि चेस्लिन कोल्बीच्या. कोलिसीला शाळकरी वयात एका नामांकित शाळेची स्कॉलरशिप मिळाली. मापिंपी ईस्टर्न केपमधल्या खेड्यातून आला, तसल्या कुठल्याही शाळेत न जाता. निवड समितीचं लक्ष पूर्वीसारखं ठरावीक शाळांच्या मैदानांवरच राहिलं असतं तर मापिंपी त्यांना दिसला असता का? गुणवत्ता मोजायच्या आधी ती बघायला कुठवर जाता, तिथेच अर्धी निवड होऊन गेलेली असते. आमच्या जिल्ह्यातून ट्रायल्सला एसटीने रात्रभर प्रवास करून जाणाऱ्या पोरांना हे मी नव्याने सांगायला नको.

आता ज्यांची नावं येत नाहीत त्यांचं काय? न्यूझीलंडचा स्टीफन डोनाल्ड २०११च्या टीममध्ये नव्हता. डॅन कार्टर जखमी झाला, मग कॉलिन स्लेड जखमी झाला, तेव्हा मासे पकडत बसलेल्या डोनाल्डला शोधून काढावं लागलं. फायनलमध्ये ॲरन क्रूडनही जखमी झाला आणि हा चौथ्या पसंतीचा माणूस आखूड जर्सी घालून आत आला. त्याच्याच पेनल्टीने न्यूझीलंड ८-७ने जिंकलं. ही गोष्ट सगळे चवीने सांगतात.

मला मात्र लिबॉक जास्त आठवतो. २०२३ची क्वार्टर आणि सेमी फायनल दहा नंबरवर त्याने सुरू केली. सेमी फायनलमध्ये अर्ध्या तासातच त्याला बाहेर काढलं. फायनलच्या २३ जणांत त्याचं नाव नव्हतं. मेडल मिळालं, पण मॅच सूट घालून बघितली. टीमसाठी हा निर्णय बरोबर होता असं मी वर लिहिलंच आहे आणि त्यावर ठाम आहे. फक्त बरोबर निर्णयही कोणाच्या तरी अंगावरून जातो. तो त्याला समोर बसवून, कारण सांगून कळवणं एवढं तरी निवडणाऱ्याने करायलाच हवं. नोटीस बोर्डवर आपलं नाव नाही हे तिसऱ्याच कोणाकडून कळणं काय असतं, ते इंटरकॉलेजला ट्रायल दिलेल्या प्रत्येकाला माहितीय.

पुढचा वर्ल्ड कप ऑक्टोबर २०२७ला ऑस्ट्रेलियात सुरू होतोय. तेव्हा पोलार्ड ३३ वर्षांचा असेल, लिबॉक ३० आणि २०२५मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने ३७ पॉइंट करणारा साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू २५ वर्षांचा. फॉर्म बघाल तर दहा नंबर साशाचाच. मी तिघांनाही नेईन आणि त्यासाठी एक स्क्रम-हाफ कमी करीन. हूकर मात्र या वेळी तीन.