मूठभर मातीचे मोल

बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत मालाची प्रत ठरविण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. नमुन्याच्या बाटलीत बाहेरचे काही मिसळले, तर सारे परीक्षण निरर्थक ठरते, हे तेथील साधा कामगारही जाणतो. लघुग्रहांवरील माती पृथ्वीवर आणण्यासाठी पुढारलेली राष्ट्रे एवढे द्रव्य का वेचतात, याचे उत्तर याच अनुभवात आहे. उल्का आपणहून पृथ्वीवर पडतात, हे खरे; परंतु वातावरणातून येताना त्यांचे बाह्यांग जळते आणि भूमीवर येताच येथील हवा-पाणी त्यांत शिरते. मूळचे काय आणि मागाहून चिकटलेले काय, याचा निवाडा मग कठीण होतो.

म्हणूनच जपानच्या हायाबुसा-२ यानाने र्‍यूगू या लघुग्रहावरील अवघी ५.४ ग्रॅम माती २०२० साली बंदिस्त कुपीतून आणली. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने बेन्नूवरील सुमारे १२१ ग्रॅम माती २०२३ साली यूटाच्या वाळवंटात उतरविली. सजीवांच्या प्रथिनांत आढळणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्या मातीत सापडली. जीवनाची कच्ची सामग्री पृथ्वीबाहेरही तयार होत होती, हे त्यावरून दिसते.

भारताने या विद्येचा श्रीगणेशा चंद्रापासून करण्याचे ठरविले आहे. तेथील माती आणणाऱ्या चांद्रयान-४ मोहिमेस केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्च सुमारे २,१०४ कोटी रुपये. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या बालकांस पोटभर अन्न मिळत नसता ही चैन कशाला, असे कोणी विचारील. हा प्रश्न हेटाळण्याजोगा मुळीच नाही. त्या बालकांची हेळसांड झाली, तर चंद्रावरची माती ते पाप झाकू शकणार नाही. परंतु एक कर्तव्य पुढे करून दुसरे टाळणे हाही शहाणपणा नव्हे.

याची साक्ष तारापूरच देते. १९६९ साली सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या साहाय्याने उभ्या राहिल्या. इंधनही तेथूनच येणार होते. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि इंधनासाठी आम्हांस फ्रान्सचे दार ठोठवावे लागले. पुढे २००५ व २००६ साली त्याच परिसरात ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी कार्यान्वित केल्या. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारी विद्या केव्हा अडेल, याचा नेम नसतो.

तथापि केवळ यान पाठवून भागणार नाही. आणलेली माती निष्कलंक राखणाऱ्या प्रयोगशाळा आणि ती तपासणारे तरुण संशोधक यान परतण्यापूर्वीच सिद्ध हवेत. त्यांसाठी किती तरतूद आहे, हे सरकारने लोकांस स्पष्ट सांगावे आणि या कामात पालघरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही वाव द्यावा, असे आम्हांस वाटते. अन्यथा माती आपली आणि ज्ञान मात्र परक्यांचे, अशी गत व्हावयाची.