मोठी जोड लागली की

जत्रेतल्या कुस्तीच्या फडात हल्ली हलगीवाल्याशेजारीच यूट्यूबवाल्याचा कॅमेरा उभा असतो. त्यानं गर्दी आटते का? मला नाही वाटत. शेवटच्या कुस्तीला आजही झाडावर माणसं चढतात. फटका बसतो तो दुपारच्या रेवड्यांच्या कुस्त्यांना. पूर्वी जागा धरायला मंडळी उन्हातच येऊन बसायची. मग रेवड्यांवरच्या या पोरासोरांच्या कुस्त्याही बघितल्या जायच्या, एखादा खूश होऊन दहाची नोट हातावर ठेवायचा. आता घरी मोबाइलवर नजर ठेवायची, मोठी जोड लागली की गाडीला किक. (पुण्यातल्या मामाला भाच्याचा डाव दिसतो, हेही खरंच.) सगळ्यांना कुस्ती दिसावी ही धडपड तशी जुनीच: कोल्हापूरचं १९१२चं खासबाग मैदान वाटीसारखं उतरतं केलंय, कुठूनही कुस्तीचा हौदा दिसावा म्हणून. पण दुपारी फडात माणसं हवी असतील, तर मोठी जोड लागेपर्यंत प्रक्षेपण सुरूच करू नये, असं एखाद्या जत्रा कमिटीनं करून बघावं.