पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या

रिठद (ता. रिसोड, जि. वाशिम) आणि आसपासच्या गावांचा पैसा, वीज, मोबाईल आणि कागदपत्रे ज्यांच्या संगणकांवर चालतात, त्या सर्वांना हा जाहीर इशारा आहे.

“आम्ही लहान, ते नियम मुंबई-दिल्लीवाल्यांना” हे उत्तर यापुढे चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली 2014 साली महत्त्वाच्या यंत्रणांच्या रक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र नेमले गेले. वीज, बँक-विमा, दूरसंचार, वाहतूक, सरकारी सेवा ही क्षेत्रे त्याच्या कक्षेत येतात. सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेत घुसणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. गावची प्रत्येक शाखा त्या यादीत नाही, हे आम्हालाही कळते. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश लहान-मोठे बघत नाही. हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे, नोंदी 180 दिवस जपायच्या.

2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी गेले. 2024 च्या जुलैअखेरीस बँकांना संगणक सेवा देणाऱ्या सी-एज या एकाच कंपनीच्या यंत्रणेला खंडणीच्या सायबर हल्ल्याचा फटका बसला आणि देशातल्या सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएम अडकले. ऐन फवारणीच्या दिवसांत कृषी केंद्रासमोर उभ्या शेतकऱ्याचे पैसे अडकले तर औषध कोण देणार? सी-एजच्या वेळी झळ लहान बँकांनाच बसली, हे विसरू नका.

आणि इथे काय चालले आहे? एका काउंटरवर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी मी स्वतः पाहिली. निळ्या पेनाने लिहिलेला पासवर्ड, रांगेतल्या पाचव्या माणसालाही वाचता येईल असा. साहेब जेवायला गेले होते, आणि त्याच पासवर्डवर दुसराच मुलगा खाती उघडत होता. त्या खात्यांत पीकविम्याचे पैसे आहेत, म्हाताऱ्यांचे निराधारचे अनुदान आहे.

म्हणून सांगतो. पंधरा दिवसांत सूचनाफलकावर लेखी लावा: संगणक सुरक्षेला जबाबदार कोण, बॅकअप कुठे आणि शेवटचा कधी तपासला, हल्ला झाला तर खातेदाराला किती वेळात सांगणार. पासवर्डच्या चिठ्ठ्या आजच काढा, त्याला मुदत नाही.

सोळाव्या दिवशी फलक कोरा दिसला, तर बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेकडे, पतसंस्थेची सहाय्यक निबंधकांकडे आणि बाकीच्यांची जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, सह्यांसकट. ठेवीही काढून घेऊ.

— रिठद परिसरातील एक खातेदार