एका घरात चार उपकरणे, जोडणी मात्र एकालाच

व्यापाऱ्याची वही आता संगणकात आली आहे. रोजमेळ, खतावणी, उधारीची यादी, मालाचा साठा या सर्व नोंदी दुकानातील संगणकावर असतात आणि दुकान वाढवल्यानंतर घरी बसून त्या पाहण्याची गरज अनेक कुटुंबांना पडते. त्यासाठी दुकान आणि घर यांच्यामध्ये सार्वजनिक इंटरनेटवरूनच, परंतु सांकेतिक रूपात, एक खासगी वाट तयार केली जाते. तिलाच व्हीपीएन म्हणतात. महिन्याची २० तारीख उद्यावर आलेली असते, जीएसटीआर-३बी विवरणपत्र भरावयाचे असते आणि नेमक्या त्याच रात्री वडिलांच्या लॅपटॉपवर जोडणी होते, मुलाच्या मोबाइलवर होत नाही व सूनबाईंच्या संगणकावर होऊन पुन्हा तुटते. हा अनुभव व्यापारी घरांना नवा नाही.

अशा वेळी राउटर बंद करून चालू करणे, ॲप काढून पुन्हा घालणे, पासवर्ड बदलणे असे सर्व उपाय एकाच वेळी केले जातात. जोडणी झालीच, तर ती कशामुळे झाली हे कळत नाही. पुढील महिन्यात तीच अडचण पुन्हा उभी राहते. तेरीज जुळली नाही म्हणून अनुभवी मुनीम संपूर्ण वही नव्याने लिहीत नाही. फरक कोणत्या खात्यात आहे, हे तो आधी शोधतो. येथेही तोच क्रम योग्य ठरतो.

आरंभी तीन प्रश्न विचारावेत. व्हीपीएन बंद असताना साधे इंटरनेट नीट चालते काय? अडचण एकाच उपकरणाला आहे की सर्वांना? आणि तेच उपकरण घरचे वाय-फाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवर घेतले, तर जोडणी होते काय? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. मोबाइलच्या इंटरनेटवर सर्व काही सुरळीत चालत असेल, तर दोष बहुधा घरच्या राउटरमध्ये किंवा घराला इंटरनेट पुरवणाऱ्याकडे असतो. कोठूनही, कोणत्याही उपकरणावरून जोडणी होत नसेल, तर दुकानाकडे पाहावे. सर्वांचे चालते आणि एकाचेच अडते, तर ते एकच उपकरण तपासावे.

दुकानाकडील नेहमीचे कारण म्हणजे बदललेला पत्ता. वीज जाऊन आल्यावर दुकानाच्या राउटरला बाहेरचा नवा पत्ता मिळतो आणि घरची उपकरणे जुन्याच पत्त्यावर हाक मारीत राहतात. इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलल्यावर दुसरीही अडचण येते. काही कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. दुकानाच्या राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तसे झाले आहे असे समजावे. मग बाहेरून आलेली हाक दुकानापर्यंत सहसा पोहोचत नाही. कंपनीकडून कायमचा सार्वजनिक पत्ता मागून घेणे, हा या दोन्ही अडचणींवरील सरळ उपाय होय.

घरातील सर्व उपकरणांवर ‘जोडले गेले’ असे दिसते, तरीही दुकानाचा संगणक सापडत नाही, असेही घडते. याचे कारण बहुधा पत्त्यांच्या सारखेपणात असते. घरोघरी वापरण्याच्या खासगी पत्त्यांचे गट १९९६ पासून ठरलेले आहेत आणि पुष्कळ राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या गटावर लावून येतात. घर आणि दुकान दोन्ही एकाच गटावर असले, की घरचा लॅपटॉप दुकानाच्या संगणकाला घरातच शोधू लागतो. त्याची हाक व्हीपीएनच्या वाटेने जातच नाही. दोन गल्ल्यांना एकच नाव असावे आणि पोस्टमनने पत्र जवळच्याच गल्लीत शोधत फिरावे, तसा हा प्रकार आहे. दोहोंपैकी एका ठिकाणचा गट बदलावा, उदाहरणार्थ १९२.१६८.५७ असा. कुटुंब दोन-तीन घरांत विभागलेले असेल, तर दुकानाचाच गट बदलणे सोयीचे. मात्र तेथील प्रिंटर आणि बिलिंगच्या संगणकांचे ठरवून दिलेले पत्तेही त्याबरोबर बदलावे लागतात. म्हणून हे काम दुकान बंद असताना, जाणत्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावे.

एकाला जोडणी मिळताच दुसऱ्याची तुटते, या तक्रारीमागे दोन कारणे संभवतात. पहिले कारण चावीचे. तंत्रज्ञाने एकाच उपकरणासाठी तयार केलेली फाइल घरातील सर्वांनी आपापल्या उपकरणांत घातलेली असते. वायरगार्ड या पद्धतीत प्रत्येक उपकरणाची चावी वेगळी असणे अपेक्षित आहे. एकच चावी दोन ठिकाणी वापरली, तर सर्व्हर दोघांना एकच समजतो आणि शेवटी बोलणाऱ्याकडे उत्तर पाठवतो. ओपनव्हीपीएनमध्येही एकच प्रमाणपत्र दोघांनी वापरल्यास, वेगळी सूचना दिलेली नसेल तर, दुसरा आत येताच पहिला बाहेर पडतो. दुसरे कारण जुन्या पद्धतींचे. पीपीटीपी आणि एल२टीपी या पद्धती वापरताना एकाच राउटरमागील दोन उपकरणे एकाच सर्व्हरकडे गेली, तर कित्येक राउटरांचा किंवा सर्व्हरांचा गोंधळ उडतो. पहिल्या कारणावर प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र चावी देणे आणि दुसऱ्यावर नवी पद्धत स्वीकारणे, हेच उपाय आहेत.

‘जुन्या फोनवर चालते, नव्यावर चालत नाही’ या कोड्याचे उत्तरही येथेच आहे. पीपीटीपीचा तपशील १९९९ साली प्रसिद्ध झाला. आज ही पद्धत सुरक्षित मानली जात नाही. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन आणि मॅकमधून ती काढून टाकली. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून पीपीटीपी आणि एल२टीपी यांची नवी जोडणी फोनच्या सेटिंगमधून करता येत नाही. येथे नवा फोन बिघडलेला नसतो; दुकानाची व्यवस्था जुनी झालेली असते.

एकाच उपकरणाची अडचण असेल, तर प्रथम त्यावरील तारीख व वेळ पाहावी. जुन्या लॅपटॉपची आतील बॅटरी संपली, की घड्याळ मागे जाते आणि प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरूच झाली नाही असे समजून जोडणी नाकारली जाते. मोबाइलवर एका वेळी साधारणतः एकच व्हीपीएन चालतो, हेही ध्यानात ठेवावे. मुलांनी करमणुकीसाठी एखादे फुकटचे व्हीपीएन ॲप सुरू केले, की दुकानाची जोडणी तुटते. अशा ॲपचा दुकानाच्या वाटेशी काहीही संबंध नसतो. ते आपली वाहतूक भलत्याच परक्या सर्व्हरकडून फिरवते.

कधी जोडणी होते, लहान यादी उघडते, परंतु मोठे खाते उघडताना पडदा गोठतो. इंटरनेटवर माहिती पुडक्यांतून जाते. पुडक्याची नेहमीची मर्यादा १५०० बाइटची असते. घरगुती ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीत ती १४९२ होते. व्हीपीएनचे वेष्टन चढल्यावर पुडके मर्यादेबाहेर जाते आणि वाटेतच अडते. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू हा आकडा १४०० किंवा त्याहून कमी, गरज पडल्यास १२८० पर्यंत, उतरवून पाहावा. दुकानाचा संगणक आकडी पत्त्याने सापडतो आणि नावाने सापडत नाही, तर दोष नावांची नोंद ठेवणाऱ्या डीएनएस व्यवस्थेचा समजावा. व्हीपीएन चालू होताच घरचा प्रिंटर मुका झाला, तर सर्वच वाहतूक दुकानाकडे वळवली गेली आहे. केवळ दुकानापुरतीच वाट ठेवण्याची सोय बहुतेक व्यवस्थांत असते.

या सर्व खटपटीला कंटाळून एक आडवाट सुचवली जाते : व्हीपीएन काढून टाकावा आणि दुकानाच्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे दार थेट उघडावे. मग कोणतेही उपकरण तत्काळ जोडले जाते, हे खरे. पण ते दार घरच्यांपुरते उघडत नाही, साऱ्या जगाला उघडते. असे उघडे दार शोधणारी यंत्रे इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. पासवर्ड ओळखून आत शिरलेला चोर वह्या सांकेतिक करून कुलूपबंद करतो आणि खंडणी मागतो. नक्कलप्रत त्याच संगणकाला जोडलेली असेल, तर तीही जाते. एका रात्रीच्या सोयीपोटी पेढीचा हिशेब पणाला लावणे हा तोट्याचाच व्यवहार होय.

त्यापेक्षा एक साधी वही ठेवावी. कोणत्या उपकरणाला कोणती चावी दिली, कोणत्या तारखेला काय बदलले आणि पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, एवढे तीत लिहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा. फोन हरवला किंवा नोकर काम सोडून गेला, तर त्या वहीत पाहून त्याचीच चावी त्याच दिवशी रद्द करावी. बाकीच्यांच्या जोडणीला धक्का लागत नाही. आणि विवरणपत्राच्या आदल्या रात्री नव्हे, तर महिन्याच्या आरंभी एकदा घरातील प्रत्येक उपकरण जोडून पाहावे. त्या वेळी सापडलेला दोष दूर करण्यास हाती पुरेसे दिवस असतात.