गुरं कोंडाल, पण मेली तर जबाब कोण देणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

सुप्रीम कोर्टाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आपण सगळ्यांनी ‘कुत्र्यांचा आदेश’ म्हणूनच वाचला. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, मैदानं इथली भटकी कुत्री उचला, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, परत त्याच जागी सोडू नका. टीव्हीवर आठवडाभर त्यावरच भांडणं चालली. पण त्याच आदेशात आणखी एक भाग आहे आणि आपल्या दासगाव-महाड-पोलादपूर पट्ट्याला तो जास्त लागू आहे. महामार्गावरची मोकाट गुरं हटवायची आणि गोशाळेत किंवा निवाऱ्यात नेऊन ठेवायची.

आता मुंबई-गोवा हायवे आपल्या दारातून जातो. वीरपासून महाडपर्यंत पावसाळ्यात रात्री बाईकवरून आलात तर गुरं कुठे बसलेली असतात ते मी सांगायला नको. खाली चिखल, गवतात माश्या-गोचिडी, आणि डांबर मात्र कोरडं, उबदार. त्यात गाड्यांच्या वाऱ्याने माश्या उडतात. जनावर तिथे बसणारच. त्यांना आपटून माणसं मेली, गुरंही मेली. तेव्हा रस्ता मोकळा करा या मागणीला माझा विरोध नाही. उलट मीच त्यावर कितीतरी बातम्या दिल्यात.

माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. गुरं एका पत्र्याखाली आणून कोंडली, पंधरा दिवसांत त्यातली सात-आठ आजारी पडली, तीन मेली. तर जबाब कोण देणार? ‘प्रशासन’ वगैरे उत्तर नको. नाव आणि हुद्दा सांगा.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. सरकारी केंद्र, वनविकास महामंडळाच्या ताब्यातलं. माणसांशी संघर्ष झाला म्हणून चंद्रपूर भागातून आणलेली ही जनावरं. म्हणजे लोकही वाचावेत आणि वाघही वाचावा म्हणून सुरक्षित जागी ठेवलेली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि नवीन वर्षाच्या तोंडावर उत्तर आलं : बर्ड फ्लू, एच५एन१.

संशय गेला खायला घातलेल्या कोंबडीच्या मांसावर. मग सुरू झालं नेहमीचं. आजार इथे लागला की वाघ बाहेरूनच घेऊन आले? मांस तपासायचं काम कोणाचं? आणि यात नवीन काही नव्हतं, हे मला जास्त खटकतं. २००४ मध्ये थायलंडच्या एका व्याघ्र उद्यानात कोंबडीच्या मांसातून हाच रोग शिरला आणि शंभरावर वाघ मेले किंवा मारावे लागले. नागपूरच्या तीन-चार महिने आधी व्हिएतनाममध्ये ४७ वाघ याच रोगाने गेले, जगभर बातमी झाली. म्हणजे वीस वर्षं माहीत असलेला धोका. तो ज्याच्या टेबलावर असायला हवा होता ते टेबलच नव्हतं, असं माझं मत आहे.

आणि नागपूर लांब वाटत असेल तर पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात उरणच्या चिरनेरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता. रोगाला तालुक्याची हद्द माहीत नसते.

वाघांची बातमी झाली, कारण वाघ होते. गुरांची होत नाही. लम्पी आठवा. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात पहिली लागण दिसली आणि बघता बघता राज्यभर पसरली. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज, जनावर चारा सोडतं. पसरवणारे कोण? माश्या, डास, गोचिडी. सरकारने बाजार बंद केले, गुरांची ने-आण थांबवली, फुकट लस टोचली. राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश, तेवढ्यांना लस पोचवणं सोपं नव्हतं आणि आपल्या भागातल्या पशुवैद्यकांनी तेव्हा चिखल तुडवत केलेलं काम मी पाहिलंय. त्यांच्याबद्दल हे लिखाण नाही. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदतही दिली गेली.

पण ती मदत मिळायला मालक लागतो. ज्याच्या गोठ्यातली गाय मेली तो धावत गेला, पंचनामा करून घेतला, कागद जोडले. मालक असतो तिथे मरण नोंदलं जातं, कारण त्याचं नुकसान झालेलं असतं. निवाऱ्यातल्या जनावराला मालकच नाही. ते मेलं तर कोणाचं काय गेलं? खड्डा खणला, वर मीठ-चुना टाकला, झालं. शवविच्छेदन नाही, नमुना नाही, आकडा नाही. आणि आकडा नाही म्हणजे साथ नाही!

बुळकांडी हा शब्द आताच्या पोरांना माहीत नसेल. आपल्या आज्यांच्या तोंडी तो शिवीसारखा होता, एवढी गुरं त्या रोगाने खाल्ली. तो २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, भारत २००६ मध्येच मुक्त झाला होता. नुसत्या लशीने तो गेला नाही. कुठल्या गावात कुठलं जनावर कशाने मेलं हे शेवटपर्यंत शोधत गेले, म्हणून गेला.

मध्यंतरी एका निवाऱ्यात गुरं मेल्याचं कानावर आलं. नाव घेत नाही, गावही सांगत नाही, कारण लेखी काहीच हातात नाही. मी फोन लावले. चालवणारे म्हणाले, आम्ही फक्त सेवा करतो, जागा त्यांची, त्यांना विचारा. जागावाले म्हणाले, आम्ही जागा दिली, आजारपण डॉक्टरांचं खातं बघतं. डॉक्टर म्हणाले, आम्हाला कोणी बोलावलंच नाही, बोलावल्याशिवाय आम्ही जाणार कसे? गंमत अशी की तिघेही खरं बोलत होते. किती मेली हे तिघांपैकी एकालाही नक्की सांगता आलं नाही. बातमी झाली नाही, कारण आकड्याशिवाय बातमी कशी लावणार?

आता मला एक जुना कायदा आठवतो. १८७१ चा, इंग्रजांचा, गुरांच्या अतिचाराबद्दलचा. आपला कोंडवाडा त्यातलाच. कोणाच्या शेतात गुरू शिरलं की कोंडवाड्यात घालायचं, दंड भरून सोडवायचं. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं आणि पुढे लिलाव. कायदा काही दयाळूपणाने केलेला नव्हता, पिकाची नासाडी आणि वसुली एवढाच मतलब. पण त्यात कोंडवाड्यावर एक माणूस नेमलेला असायचा. आत आलेल्या जनावराची नोंद त्याने वहीत करायची. चारा-पाणी त्याने द्यायचं. आणि उपाशी-तहानेलं ठेवलं तर खटला त्याच माणसावर, दंड पन्नास रुपयांपर्यंत. त्या काळचे पन्नास रुपये! दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाला कळत होतं की कोंडलेल्या जनावराचा एक कोणीतरी धनी पाहिजे.

आज पन्नास रुपये वेगळ्या ठिकाणी भेटतात. ३० सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केलं. त्याच दिवशी देशी गाईला ‘राज्यमाता’ दर्जाही दिला. चांगलं आहे, चाऱ्याचे भाव बघता ते पैसे जास्तही नाहीत. पण अनुदान मिळवायला गाय जिवंत असावी लागते. जिवंत गाय मोजायला सगळे पुढे येणार. मेलेली कोण मोजणार? खरं तर जिच्या नावावर पैसे येतात तिचं मरण लवकर कळवू नये अशीच ही रचना होऊन बसते, कोणी मुद्दाम तशी केली नाही तरी.

कायदा नाही असंही नाही. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की अनुसूचित रोगाचा संशय आला तर कळवायची जबाबदारी मालकाची आहेच, शिवाय जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्या संस्थेची, सार्वजनिक मंडळाची, ग्रामपंचायतीचीही आहे. ‘आम्ही फक्त सेवा करतो’ हे उत्तर त्या कायद्यात बसत नाही. पण संस्था म्हणजे कोण? पंचायत म्हणजे कोण? फोन उचलणारा हात कोणाचा, तिथे गाडी अडते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशातही निवाऱ्यातल्या गुरांना चारा, पाणी, उपचार मिळावेत असं म्हटलंय. पण अधिकाऱ्यांवर टाच कधी येणार? रस्त्यावर गुरू दिसलं तर. मग अधिकारी काय करील? रस्ता साफ करील. गेटच्या आत काय चाललंय याचा फोटो हायवेवरून निघत नाही.

कुत्र्यांचंही तेच. पार्व्हो हा पिल्लांचा रोग मातीत महिनोन् महिने टिकतो. आज एक आजारी पिल्लू पिंजऱ्यात आलं आणि तो पिंजरा नीट धुतला नाही, तर पुढच्या महिन्यात येणारी पिल्लंही गेली. डिस्टेंपर हवेतून पसरतो. म्हणून नवं जनावर आलं की आधी दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं, मग कळपात. हे माझं ज्ञान नाही, कुठलाही पशुवैद्यक सांगेल. पण वेगळं ठेवायला वेगळी जागा लागते, वेगळी बादली लागते, वेगळा माणूस लागतो. आपल्याकडे अंदाजपत्रकात शेड असतं. वेगळी बादली नसते.

आणि शेड बांधणार कुठे? आपल्या भागात हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि मुंबईत बसून आदेश काढणाऱ्याला तो कळणार नाही. महाड तालुक्यात सपाट आणि रिकामी जागा म्हणजे बहुतेक नदीकाठ. सावित्री, गांधारी, काळ, तिन्ही कशा चढतात ते २२ जुलै २०२१ ला आपण छपरावर बसून पाहिलंय. नदी नको म्हणून डोंगराच्या पायथ्याला जावं, तर २००५ ची दरड दासगावला कोणी सांगायला नको, आणि तळीयेही विसरायला अजून कोणी तयार नाही. पुरात दावणीला बांधलेली गुरं बांधल्या जागी बुडाली. ज्याने दावं कापलं त्याची वाचली. आता शंभर गुरं कुलपात ठेवा आणि रात्री दोनला पाणी वाढू द्या. किल्ली कोणाकडे? तो माणूस गावात राहतो की तालुक्याला?

पूर ओसरल्यावरची गोष्ट वेगळीच. लेप्टोच्या गोळ्या आपण का खातो? उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात म्हणून. निवाऱ्यातलं घाण पाणी ज्या वहाळात जाणार, त्याच वहाळावर खाली कोणाची तरी विहीर असणार. तेव्हा हा फक्त प्राणिमित्रांचा विषय आहे असं समजून पुढे जाऊ नका.

काही जण म्हणतील, आधी निवारा तर होऊ द्या, तुमचे पत्रकारांचे खोडे नंतर. मी उलट म्हणतो. एकदा शेड उभं राहिलं, फीत कापली, फोटो आले, की मग अटी घालायची ताकद कोणाकडे राहत नाही. तेव्हा बोलायचं असेल तर आत्ताच.

गेटवर फलक हवा. त्यावर जबाबदार माणसाचं नाव, हुद्दा आणि मोबाईल, बदली झाली की नाव बदललेलं. कानातल्या बारा आकडी बिल्ल्याप्रमाणे आलेल्या-गेलेल्या-मेलेल्या जनावरांची वही, आणि ती कोणालाही बघता आली पाहिजे, माहितीचा अर्ज न करता. लागोपाठ दोन जनावरं मेली तर शवविच्छेदन केल्याशिवाय पुरायचं नाही. पुराच्या रात्री कुलूप कोण काढणार हे आधीच ठरलेलं. एवढ्यासाठी काही कोटी लागत नाहीत. शेडच्या रंगाला जास्त लागतील.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या असं पत्र मी देतोय. ठरावाचा मसुदा अर्ध्या पानाचा आहे, वकिली भाषा नाही. शेजारच्या गावांत कोणाला मांडायचा असेल तर मेसेज करा, पाठवतो. आणि तुमच्या भागात निवाऱ्यासाठी जागा पाहायला कोणी आलं असेल तर कॉमेंटमध्ये गट नंबरासकट लिहा. पूररेषेचा नकाशा काढून मी स्वतः त्यावर जागा तपासून सांगतो.